निळ्या दिव्याकडे कोण येतं

मे महिना सरत आला की चिकलठाण्याच्या संध्याकाळी बदलतात. दिवसभर जालना रोडवर उडालेली धूळ खाली बसते, विमानतळाच्या मोकळ्या रानावरून ओलसर वारा येतो आणि वळवाचा पहिला पाऊस पडून गेला की त्याच रात्री दिव्यांभोवती गर्दी होते. पंख गाळणारी वाळवी, तपकिरी भुंगेरे, हिरवे तुडतुडे, नखाएवढे पतंग, सुखना नदीच्या अंगाने येणारी चिलटं. इथे एका बाजूला एमआयडीसीच्या शेडी आहेत, दुसऱ्या बाजूला धावपट्टी, आणि मधूनमधून कापसाची, मक्याची रानं अजून तग धरून आहेत. त्यामुळे रानातला, नाल्यातला आणि घरातल्या ड्रमातला कीटक एकाच दिव्याच्या आसपास सापडतो. निदान आपली समजूत तशी असते.

याच दिवसांत निळ्या दिव्याची मशिनं खपतात. कुणी ओसरीला टांगतं, कुणी गच्चीवर, कुणी गोठ्याच्या मेढीला. विकणारा सांगतो, मच्छर मरतात. घेणाराही त्यासाठीच घेतो. या मशिनबद्दल मला कळकळीने लिहावंसं वाटतं, कारण त्याच्यावर आपला विश्वास फार आहे, आणि तो विश्वास चुकीच्या जागी ठेवला तर घरात ताप येतो.

आमच्या ओसरीवरचं मशीन जुन्या घडणीचं आहे. पत्र्याची पेटी, आत दोन ट्यूब, पुढे उभ्या तारांची जाळी, खाली सरकता ट्रे. एका उन्हाळ्यात त्याच्या ट्यूब लागायच्या, पण जाळी मुकी झाली. किडे यायचे, तारांवर बसायचे, चालायचे आणि उडून जायचे. मुकुंदवाडीत मोटारी रिवाइंड करून देणाऱ्या एका मिस्त्रींकडे मी ते घेऊन गेलो. एमआयडीसीच्या आधाराने वाढलेल्या या पट्ट्यात अशी दुकानं बरीच आहेत. तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा वास, आणि वस्तू टाकून देण्याआधी एकदा उघडून बघण्याची जुनी सवय. मिस्त्रींनी मशीन प्लगला न लावता टेबलावर घेतलं आणि प्लॅस्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर शेजारशेजारच्या दोन तारांना एकदम टेकवला.

“आधी याच्यातला करंट काढून टाकू भाऊ, मग बघू काय झालंय ते,” ते म्हणाले. “प्लग काढला म्हणजे मशीन मेलं असं समजू नका.”

या एका सवयीसाठी त्यांना गुरू मानावं. या मशिनमध्ये घरातल्या 230 व्होल्टचे दोन ते चार हजार व्होल्ट केलेले असतात. जुन्या मशिनमध्ये ते काम ट्रान्सफॉर्मर करतो. नव्या हलक्या मशिनमध्ये ते डायोड आणि कंडेन्सर यांची साखळी करते. कंडेन्सर असेल तिथे प्लग काढल्यावरही भार साठून राहू शकतो. करंट थोडाच असतो, पण शिडीवर उभ्या माणसाला दचकून खाली पाडायला तेवढा पुरतो. म्हणून घरच्या घरी जाळी साफ करणाऱ्याने प्लग काढावा, थोडा वेळ थांबावा, जाळीतला भार असा उतरवावा आणि मगच ब्रश हातात घ्यावा.

मशिनची दोन कामं असतात आणि ती एकमेकांपासून वेगळी आहेत, हे तिथेच मला नीट कळलं. ट्यूबचं काम बोलावण्याचं. तिची जोडणी जुन्या ट्यूबलाइटसारखीच, चोक आणि स्टार्टरची. जाळीचं काम मारण्याचं. दोन तारांमध्ये काही मिलिमीटरचं अंतर असतं आणि त्यातली हवा वीज अडवून धरते. किडा मध्ये आला की त्याच्या अंगातल्या ओलाव्याने ती फट भरून निघते आणि वीज त्याच्यातून जाते. ट्यूब लागत नसेल तर स्टार्टर, ट्यूब आणि चोक याच क्रमाने बघायचं. ट्यूब लागते पण जाळी मुकी असेल तर आधी घाण बघायची, मग डायोड-कंडेन्सर, आणि सगळ्यांत शेवटी ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग. दोन्ही बंद असेल तर फ्यूज, वायर आणि स्विच. हा क्रम पाळला तर बरीच मशिनं थोडक्या खर्चात उभी राहतात.

आमच्या मशिनची खोड घाणीत होती. जळलेल्या किड्यांचा थर तारा धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकवर साचला होता, दमट हवेत त्याला ओल धरली होती आणि त्यातून वीज सरपटून गेल्याने काळी रेघ उमटली होती. कोळशाची ती रेघ म्हणजे विजेला मिळालेली चोरवाट. तिथून वीज गळत राहते, तारांवरचा दाब उतरतो आणि ठिणगी पडत नाही. मिस्त्रींनी ती रेघ खरवडली, स्पिरिटने पुसली, एक कंडेन्सर बदलला. मग ट्यूबकडे बोट करून म्हणाले, “या पण बदला. तुम्हाला उजेड दिसतोय, किड्याला दिसत नाही.”

या म्हणण्यात तथ्य आहे. किड्यांना बोलावणारा प्रकाश आपल्याला दिसत नाही. तो अतिनील असतो, साधारण 365 नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा. आपल्याला दिसते ती निळी झाक म्हणजे त्याची उरलीसुरली कडा. ट्यूबच्या आतला लेप हळूहळू थकतो. अतिनील प्रकाश कमी होत जातो, निळी झाक मात्र तशीच राहते. म्हणून ट्यूब जळून जाण्याची वाट पाहायची नसते. रोज लावत असाल तर वर्षाला बदलायची, आणि आपल्याकडे त्याचा मुहूर्त म्हणजे मृगाच्या आधीचा आठवडा.

या यंत्राचं आजचं रूप फळबागांच्या गरजेतून आलं. 1911 मध्ये ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ या अमेरिकन मासिकाने 450 व्होल्टवर चालणाऱ्या एका माशीमार सापळ्याची माहिती छापली होती. तो फार महाग म्हणून मागे पडला. 1932 मध्ये विल्यम फ्रॉस्ट यांनी अशा यंत्राचं पेटंट घेतलं. कॅलिफोर्निया विद्यापीठातले परजीवीशास्त्राचे प्राध्यापक विल्यम हर्म्स फळबागा वाचवण्यासाठी वीस वर्षांहून अधिक काळ सापळ्यांवर काम करत होते. 1934 मध्ये त्यांनी पुढे आणलेलं यंत्र आजच्या मशिनचा नमुना ठरलं. म्हणजे हर्म्स यांच्या डोळ्यांपुढे पिकाचे आणि फळांचे शत्रू होते. ओसरीवर बसलेल्या माणसाला चावणारा डास नंतर या यंत्राच्या गळ्यात घातला गेला.

दुरुस्त होऊन आलेलं मशीन पुन्हा तडतडू लागलं. सकाळी ट्रे वर्तमानपत्रावर उपडा करून मी एकेक कीटक काडीने बाजूला करत बघायला लागलो. पतंग, भुंगेरे, चिलटं, तुडतुडे, पंखवाली वाळवी. त्यात पोपटी, जाळीदार पंखांचे नाजूक कीटकही होते. कापूस पिकवणाऱ्याला ते ओळखीचे असतात. हा क्रायसोपा. याच्या अळ्या कापसावरचा मावा खातात, बोंडअळीची अंडी खातात. कापूसवाल्यांच्या या भागात तो आपल्या बाजूने लढणारा जीव आहे, आणि तो माझ्या ट्रेमध्ये जळून पडला होता. डास मात्र शोधावे लागत होते.

जे माझ्या ट्रेमध्ये होतं तेच अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाच्या टिमोथी फ्रिक आणि डग्लस टॅलमी यांनी मोजून दाखवलं आहे. घरांच्या अंगणांत लावलेल्या अशा मशिनमध्ये एका उन्हाळ्यात मेलेले सगळे कीटक त्यांनी वेगळे केले. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा हिशोब असा: एकूण कीटक 13,789, त्यांत माणसाला चावणारे 31. दुसरे कीटक खाणारे किंवा त्यांच्यावर वाढणारे, म्हणजे माणसाला उपयोगी, 1,868. आणि जवळजवळ निम्मे पाण्यात जन्मणारे, न चावणारे निरुपद्रवी जीव, जे मासे आणि पक्षी यांचं अन्न आहेत. तो प्रदेश वेगळा, तिथले किडे वेगळे. पण डासाचा स्वभाव तिथेही तोच आणि इथेही तोच.

हा स्वभाव समजला की सगळं स्पष्ट होतं. चावते ती डासाची मादी, कारण अंड्यांसाठी तिला रक्त लागतं. तिला माणसाचा माग दिव्यामुळे लागत नाही. आपण श्वासातून सोडतो तो कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, घामाचा आणि त्वचेचा वास यांवरून ती येते. ओसरीवर चार माणसं गप्पा मारत बसली असतील आणि कोपऱ्यात निळा दिवा असेल, तर ती माणसांकडेच जाईल. त्यातही डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस हा दिवसा चावणारा डास. सकाळी आणि ऊन कलताना त्याचा जोर असतो. आपण दिवा लावतो तेव्हा त्याचं दिवसाचं काम बहुतेक उरकलेलं असतं.

डास आणि ताप यांचं नातं उलगडलं तेही आपल्यापासून फार लांब नाही. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी सापडला. तेव्हा ते शहर आणि आपलं त्या वेळचं औरंगाबाद एकाच निजामी मुलखात होतं. पुढे 1973 मध्ये मराठवाड्याच्या वेशीवरच्या बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली, आणि 2006 मध्ये त्याच आजाराने मराठवाडाभर माणसं सांध्यांनी जखडून टाकली. त्या वर्षी चालता येत नव्हतं अशी माणसं आजही गावोगाव भेटतात. ज्या डासाने ही माणसं पाडली तो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

आणि साठवलेलं पाणी ही आपल्या शहराची दुखरी नस आहे. पैठणला नाथसागर जलाशय भरलेला असला तरी नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येतं. मग घरोघरी ड्रम, टाक्या, हौद, बादल्या. चिकलठाण्यातल्या गल्लीत उभं राहून पाहा, प्रत्येक दाराशी निळा ड्रम दिसेल. काहींवर झाकण असतं, काहींवर फळी, काहींवर काहीच नाही. एडिसला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आपल्या हवेत आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणजे दोन नळपाण्यांच्या मधला काळ त्याला नेमका सोयीचा. त्याची अंडी पाण्याच्या वर, भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात, आणि ती कोरड्यात महिनोन् महिने टिकतात. ड्रम नुसता रिकामा करून पुन्हा भरला तर ती जिवंतच राहतात. भिंत घासावी लागते.

म्हणून आरोग्य खातं आठवड्याचा कोरडा दिवस पाळायला सांगतं. महापालिकेची माणसं टाकीत अळीनाशक टाकायला येतात तेव्हा अनेक घरं पाणी खराब होईल म्हणून दार लावून घेतात. मला हे पाहून वाईट वाटतं. ज्या घराच्या ओसरीवर निळा दिवा तडतडत असतो, त्याच घरात न्हाणीशेजारच्या ड्रमात अळ्या वळवळत असतात. पावसाळ्यात चिकलठाण्याच्या मिनी घाटी रुग्णालयात तापाच्या रुग्णांची रांग लागते, त्या रांगेचं एक मूळ या ड्रमात आहे. पाणी मोजकं येतं हा घरातल्या बायकांचा दोष नाही. थेंब थेंब जपून त्या घर चालवतात. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी ड्रमाचा तळ गाठून, तो ब्रशने घासून, उन्हात उपडा ठेवायचा, भरल्यावर जाड कापड ताणून बांधायचं, हे काम त्यांच्या एकटीच्या अंगावर टाकू नये. ते घरातल्या सगळ्यांचं आहे.

मग निळा दिवा निरुपयोगी का? नाही. त्याला त्याचं स्वतःचं काम दिलं तर तो उत्तम आहे. घरमाशी अतिनील प्रकाशाकडे येते, म्हणून डेअरी, हॉटेल, मिठाईचं दुकान इथे त्याचा उपयोग होतो. पण तो पदार्थांवर टांगायचा नाही. जाळीवर माशी फुटते तेव्हा तिच्यातले जंतू आजूबाजूला उडतात हे कॅन्सस स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2000 साली दाखवलं आहे. त्याची जागा दाराशी आत, खाण्यापासून लांब. जिथे अन्न उघडं असतं तिथे तडतडणाऱ्या जाळीपेक्षा चिकट पत्र्याचं मशीन चांगलं.

शेतात तर दिव्याचं काम फार मोलाचं आहे. पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे जमिनीतून वर येतात, तिन्हीसांजेला कडुनिंबावर, बाभळीवर जमतात आणि मग जमिनीत अंडी घालतात. त्यांतून निघालेली अळी ऊस, भुईमूग, मका यांची मुळं खाऊन टाकते. त्या मोजक्या संध्याकाळी प्रकाश सापळा लावला, खाली टोपल्यात रॉकेल टाकलेलं पाणी ठेवलं, जोडीला झाडाच्या फांद्या हलवून भुंगेरे गोळा केले, तर येणाऱ्या हंगामाचं नुकसान बरंच कमी होतं. हे एकट्याच्या बांधावर करून भागत नाही, शिवाराने मिळून करावं लागतं. आणि सापळा अंधार पडल्यापासून पहिले दोन-तीन तासच चालवायचा. रात्रभर लावला तर शत्रूच्या जोडीने क्रायसोपासारखे मित्रही जातात. घरच्या मशिनलाही हाच नियम लावावा. साधा टायमर बसवला की झालं.

नवं मशीन घेणाऱ्याने काही गोष्टी बघून घ्याव्यात. ट्यूब बदलता येते का आणि ती गावात मिळते का, हे सगळ्यांत आधी. ट्यूब मिळाली नाही तर अख्खं मशीन भंगारात जातं. एलईडी असेल तर खोक्यावर लहरलांबी बघावी: 365 नॅनोमीटर असेल तर ठीक, 395 किंवा त्याहून जास्त म्हणजे दिसायला झगझगीत आणि बोलावण्यात कमी. मशीन उघड्यावर टांगायचं असेल तर पाण्याचे शिंतोडे सोसणारं, आयपीएक्स 4 किंवा त्याहून वरच्या खुणेचं घ्यावं. दुकानातलं आतल्या वापराचं मशीन पावसात टांगू नये. तीन पिनांचा प्लग आणि खरं अर्थिंग हवं, बाहेरच्या लाइनवर अर्थ लीकेज ब्रेकर हवा. बाहेरच्या जाळीतून मुलाचं बोट आत जाणार नाही हे स्वतः बघावं. ट्रे सहज निघणारा असावा, कारण साफ करायला कटकटीचं मशीन कुणी साफ करत नाही, आणि घाण मशीनच पुढे मुकं होतं. टांगताना ते बसण्याच्या जागेपासून दूर, परसाच्या कडेला टांगावं. ओसरीवर टांगलं तर रानातले किडे आपणच अंगावर बोलावतो. आणि त्याआधी ओसरीचा पांढरा झगझगीत दिवा काढून पिवळा मंद दिवा लावून पाहावा. बरीच गर्दी तिथेच कमी होते.

डासांसाठी मात्र उपाय वेगळे, आणि ते आवाज करत नाहीत. खिडक्यांना जाळी, झोपताना मच्छरदाणी, संध्याकाळी बसताना टेबलफॅन. डास उडण्यात दुबळा आहे, वाऱ्याच्या झोतात त्याला टिकता येत नाही आणि आपल्या श्वासाचा मागही वाऱ्याने पांगतो. अंगावर पूर्ण बाह्यांचे कपडे. आणि सगळ्यांच्या मुळाशी, झाकलेलं आणि घासलेलं पाण्याचं भांडं.

मला वाटतं, या मशिनची खरी ताकद त्याच्या आवाजात आहे. ‘चट्’ झालं की एक शत्रू गेला असं मनाला वाटतं. झाकण लावलेल्या ड्रमातून असा आवाज येत नाही. तिथे जन्माला न आलेले डास कुणाला मोजता येत नाहीत आणि न आलेल्या तापाचं कौतुकही कुणी करत नाही. पण आपल्या घराचं रक्षण बहुतेक वेळा अशाच बिनआवाजाच्या कामांनी होतं. यंत्र दुरुस्त करावं, जपावं, वर्षानुवर्षं चालवावं. ते कोणासाठी बनलं आहे हेही तितक्याच आस्थेने समजून घ्यावं, म्हणजे आपला मित्र असलेला क्रायसोपा त्यात जळणार नाही आणि आपला शत्रू असलेला एडिस मागच्या दाराने सुटणार नाही.

मृग जवळ आला की तुमचं मशीन जरूर काढा. प्लग काढून, भार उतरवून जाळी साफ करा, ट्यूब बदला, ते दुकानाच्या दाराशी आत किंवा शेताच्या बांधावर लावा. पण त्या संध्याकाळी दिवा लावण्याआधी घरातला प्रत्येक ड्रम, कुंडीखालची ताटली, कूलरची टाकी आणि गच्चीवरचं जुनं टायर एकदा तपासा. डेंग्यूचा डास तिथे जन्मतो, आणि तो तिथेच थांबवता येतो.